मुंगीच्या चालीचा हिशेब

पेल्याच्या तळाशी खडीसाखरेचा खडा टाकला, वर अलगद पाणी ओतले आणि मुळीच ढवळले नाही, तर वरचा घोट गोड व्हायला किती वेळ लागेल? मुले 'दहा मिनिटे', 'अर्धा तास' असे सांगत. खरे उत्तर कित्येक दिवसांचे आहे! ह्या मुंगीच्या चालीला विज्ञानात विसरण म्हणतात. मी इतिहासाचा मास्तर. पण निवृत्तीनंतर विज्ञानाचा इतिहास वाचू लागलो आणि ह्या चालीपाशी रमलो.

1855 साली झुरिकमध्ये अॅडॉल्फ फिक ह्या तरुणाने ती नीट मोजली. तो शरीरक्रियाशास्त्राचा माणूस. तळाशी मीठ आणि वर साधे पाणी अशी भांडी त्याने मांडली, धीराने थांबला आणि वेगवेगळ्या उंचीवर द्रावणाची घनता पाहिली. जवळजवळच्या दोन थरांतल्या खारटपणात जितका फरक, तितका मिठाचा ओघ अधिक, असा नियम त्याने मांडला.

दुसरा धागा हायडेलबर्गचा. 1875 साली बुन्सेनच्या प्रयोगशाळेत हिलेब्रँड आणि नॉर्टन ह्यांनी दुर्मिळ मृदा धातूंची क्लोराइडे वितळवून त्यांतून वीज सोडली आणि सिरियम, लँथॅनम व डिडिमियम हे धातू मिळवले. त्यातले डिडिमियम म्हणजे प्रत्यक्षात दोन मूलद्रव्यांचे जुळे, हे आउअर फॉन वेल्सबाखने 1885 मध्ये दाखवले. ही भावंडे इतकी सारखी की वेगळी ओळखणे महाकठीण.

ह्या दोन धाग्यांची गाठ घालणारे सूत्र 1903 साली फ्रेडरिक कॉट्रेलने दिले. द्रवात बुडवलेल्या तारेला एकदम पुरेसा विद्युतदाब दिला की तिच्या लगतचे आयन तिथल्या तिथे संपतात. मग विद्युतप्रवाह टिकतो तो दुरून चालत येणाऱ्यांच्या जिवावर. चौपट वेळ गेला की प्रवाह निम्मा, नऊपट गेला की एक तृतीयांश! प्रवाह किती उरला ह्यावरून आयनांची चाल काढता येते.

आता हे कुणाला हवे? अमेरिकेत आयडाहोमधली ईबीआर-टू ही अणुभट्टी 1994 मध्ये बंद झाली. तिच्या वापरलेल्या इंधनावर 1996 पासून प्रक्रिया सुरू झाली. लिथियम आणि पोटॅशियम क्लोराइडांचे मिश्रण सुमारे 500 अंश सेल्सिअसला वितळवायचे, त्यात इंधनाचे तुकडे ठेवायचे आणि विजेने युरेनियम दुसऱ्या टोकाला जमवायचे. युरेनियम फुटून तयार झालेले लँथॅनम, सिरियम, निओडिमियम मात्र वितळलेल्या क्षारात साठत जातात. ते युरेनियमच्या पाठोपाठ कधी चढू लागतील, क्षार केव्हा आणि कसा साफ करायचा, ह्या हिशेबाला त्यांची चाल ठाऊक असावी लागते.

म्हणून हवा आणि ओल लागू नये अशा आर्गॉन वायूच्या बंद पेटीत टंगस्टनची तार बुडवून मोजणी करतात. तीही काही सेकंदांतच उरकावी लागते, कारण उष्णतेने क्षार जरा हलला की ढवळल्यासारखेच झाले. हाती येणारा आकडा सेकंदाला एका चौरस सेंटीमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास असतो. साध्या भाषेत, दिवसभरात जेमतेम एक-सव्वा सेंटीमीटर. एवढ्या धगीतही चाल साधारण तेवढीच, जेवढी आपल्या घरच्या पाण्यातल्या मिठाची! हे आयन एकटे जात नाहीत. प्रत्येकाभोवती क्लोराइडांचे कडे असते आणि तो लवाजमा सांभाळतच वाट काढायची असते.

आम्ही शिक्षक शोधांची साले पाठ करून घेतो. मोजणारे मात्र धड्याबाहेरच राहतात. पण हजारो वर्षे जपावा लागणारा कचरा हाताळताना भरवसा ठेवायचा असतो तो कुणीतरी चोख केलेल्या मोजणीवरच. फिकच्या त्या प्रयोगानंतर अणू फुटतो हे कळायला 83 वर्षे जायची होती. त्याला फक्त मिठाची चाल जाणून घ्यायची होती, आणि ती त्याने घाई न करता मोजली.