‘सिकोया’चें लांकूड

न्यू जर्सी राज्यांतील कॅमडेन येथें मॅथिस यॉट बिल्डिंग कंपनीच्या गोदींत १९२५ सालीं एक लांकडी मोटार-विहारनौका बांधण्यांत आली. लांबी १०४ फूट. आराखडा नॉर्वेंत जन्मलेल्या जॉन ट्रम्पी या नौकाशिल्पज्ञाचा. हीच ‘सिकोया’. १९३१ सालीं अमेरिकेच्या व्यापारखात्यानें ती विकत घेतली, १९३३ सालीं ती आरमाराकडे आली, आणि पुढें हूव्हर, रूझवेल्ट, केनेडी, जॉन्सन, निक्सन अशा कितीतरी अध्यक्षांचे पाय तिच्या डेकला लागले. केनेडींचा ४६ वा, आणि दैवगतीनें अखेरचा, वाढदिवस २९ मे १९६३ रोजीं याच नौकेवर साजरा झाला. १९७७ सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं सरकारी डामडौल कमी करण्याच्या धोरणानें तिचा लिलाव पुकारला. किंमत आली २,८६,००० डॉलर.

तिजोरीच्या दृष्टीनें हा काटकसरीचा व्यवहार झाला. नौकेच्या दृष्टीनें मात्र त्या दिवसापासून तिचे पालक बदलत राहिले. १९८७ सालीं तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा मान मिळाला. पण मानपत्रानें फळ्या बदलत नाहींत.

अशी नौका पुन्हा उभी करावयाची म्हणजे काय काय जमवावें लागतें? प्रथम लांकूड. ‘सिकोया’चें अंग लांब सुयांच्या पिवळ्या पाइनचें, बरगड्या ओकच्या. हा पाइन अमेरिकेच्या आग्नेय भागांत एके काळीं सुमारें ९ कोटी एकरांवर पसरलेला होता. त्याच्या रोपाला मधून मधून जमिनीलगत पेटणारा वणवा लागतो. त्यानें भोवतालचें रान जळतें आणि रोपाला ऊन मिळतें. आरा गिरण्यांनीं व टर्पेंटाइनवाल्यांनीं जंगल संपवलें, आणि उरलेल्या ठिकाणीं वणवे विझविण्याच्या सदिच्छेनें रोपांची वाढ खुंटली. विसावें शतक संपलें तेव्हां मूळ क्षेत्राचा विसावा हिस्साहि शिल्लक नव्हता. म्हणून जुन्या झाडाचें घट्ट, राळेनें भरलेलें लांकूड हवें असणारा कारागीर आज जंगलापेक्षां पाडलेल्या कापडगिरण्यांच्या तुळया शोधतो, किंवा शतकापूर्वीं वाहून नेतांना नदीच्या तळाशीं बुडालेले ओंडके.

असा शोध कधीं अकल्पित फळतो. १८४१ साली बांधलेल्या ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ या देवमाशांच्या शिकारी जहाजाचें काम २००८ सालीं मिस्टिक येथें सुरू झालें. तीन वर्षांपूर्वींच्या कॅट्रिना वादळानें पाडलेले ओक वृक्ष त्यासाठीं आणण्यांत आले. पुढें २०१० सालीं बोस्टनजवळच्या जुन्या आरमारी गोदींत एका रुग्णालयाचा पाया खोदतांना जहाजबांधणीसाठीं पूर्वीं पुरून ठेवलेलें लांकूडच सांपडलें! ओल्या चिखलांत हवा न लागल्यामुळें तें टिकलें होतें. तेंहि या जहाजाच्या कामीं आलें, आणि २०१४ सालीं ‘मॉर्गन’नें पुन्हा समुद्र पाहिला.

लांकडामागोमाग हात. काचतंतूंच्या नौका कारखान्यांत साच्यावर निघूं लागल्या, तसे लांकडी गोद्यांतील सुतार पांगले. ओकची पट्टी वाफेंत किती वेळ ठेवावी, सांध्यांत कापूस किती ठासावा, हें ज्ञान पुस्तकापेक्षां मनगटांत अधिक असतें. मेन राज्यांत तें अजून जिवंत आहे. १९७४ सालीं निघालेलें ‘वुडनबोट’ मासिक त्याच राज्यांत ब्रुकलिन या लहान गांवीं प्रसिद्ध होतें, यांत नवल नाहीं.

मग प्रश्न येतो कोणत्या सालची नौका उभी करावयाची? पोलिओनें पाय गेलेल्या रूझवेल्टसाठीं ‘सिकोया’वर लिफ्ट बसविली होती, जॉन्सन यांनीं ती काढून तेथें मद्याची बैठक केली, असें सांगतात. दोन्हीहि इतिहासच! एक ठेवावें तर दुसरें जातें.

परंतु लांकूड, हात, निर्णय या सर्वांस थोपवणारी वस्तु निराळीच निघाली. तत्कालीन मालकानें २०१२ सालीं नौकेवर कर्ज काढलें. धनको कंपनीमागें भांडवल होतें तें गोव्यांतील एका उद्योगपति घराण्याचें. वाद कोर्टांत गेला. तो चालू असतां ‘सिकोया’ चेसापीक उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका गोदींत, अपुऱ्या आधारावर, पाण्याबाहेर पडून राहिली. लांकडी नौकेला याहून वाईट वास नाहीं. पाण्यांत सर्व बाजूंनीं मिळणारा आधार जमिनीवर मोजक्या खुंट्यांवर येतो, कणा वाकतो, फळ्या सुकून सांधे उघडतात. आणि खारें पाणी जें कुजणें रोखतें तें वरून झिरपणारें पावसाचें गोडें पाणी वाढवितें. नोव्हेंबर १९१६ नव्हे, १९७७ नव्हे, चक्क २०१६ सालीं डेलावेअरच्या न्यायाधीशानें निकाल देतांना तींत रकून नांवाच्या निशाचर प्राण्यांनीं घर केल्याची नोंद केली! वजावटी करतां करतां नौकेची खरेदी-किंमत शून्यावर आली आणि ती धनकोकडे गेली.

रूझवेल्टच्याच दुसऱ्या नौकेची कथा येथें आठवते. लांकडी ‘सिकोया’ला आगीचें भय, म्हणून १९३६ सालीं त्यांच्यासाठीं पोलादी ‘पोटोमॅक’ आली. हातोहात फिरतां फिरतां ती अमली पदार्थांच्या चोरट्यांकडे पोंचली, १९८० सालीं जप्त झाली व सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उपसागरांत बुडाली. आरमारानें ती वर काढली आणि ऑकलंड बंदरानें अवघ्या १५,००० डॉलरांस घेतली. तिची दशा ‘सिकोया’हून बरी म्हणवणारी नव्हती, पण मालक एक होता आणि तो सार्वजनिक होता. कामगार संघटना, जहाज कंपन्या व स्वयंसेवक यांनीं बारा वर्षें खपून, ५० लक्ष डॉलर खर्चून ती सिद्ध केली, आणि १९९५ सालीं ती लोकांस खुली झाली. पोलाद लांकडापेक्षां थांबून राहतें हें खरें. तरी त्या बारा वर्षांत मालकी कोणाची, हा प्रश्न एकदांहि कामाच्या आड आला नाहीं.

‘सिकोया’चा वाद मिटल्यावरहि ती आपल्या अंगानें तरंगून जाऊं शकेल अशी उरली नव्हती. २०१९ सालीं तिला सपाट तराफ्यावर चढवून, अटलांटिकच्या किनाऱ्याकिनाऱ्यानें, मेनमधील बेल्फास्ट येथील नौकासुतारांच्या गोदींत नेण्यांत आलें.