पिकाच्या राखणीसाठी बंदूक : कोणती मिळते, शिशाची गोळी कशात चालते आणि रायफल का नको?

बारामती / इंदापूर : मका कणसात आली, भुईमुगाला शेंगा धरल्या, की रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर उलथापालथा करून जातो. डबे वाजवून झाले, बुजगावणी झाली, साड्यांचं कुंपण झालं. मग पारावर विषय निघतोच, की बंदुकीचा परवाना काढायचा का? पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. काडतूस महाग, मिळायला वेळ लागतो, मग घरीच शिसं ओतून गोळ्या करता येतील अशी रायफल कोणती? मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघून हा प्रश्न हल्ली तरुण पोरंही विचारतात.

तिकडच्या व्हिडिओत माणूस गॅरेजमध्ये शिसं वितळवतो, साच्यात ओततो, काडतूस भरतो आणि दुपारी रानात जाऊन उडवतो. तिकडचा कायदा वेगळा आहे. इथे बंदूक आपण निवडण्याच्या आधी कायद्यानेच बरीचशी निवडून ठेवली आहे.

कायदा काय देतो

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ यासाठी नीट वाचण्यासारखं आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी त्यात नाव घेऊन सांगितलेली बंदूक एकच, ती म्हणजे ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी बारूद, मग छर्रे किंवा गोळी घालून गजाने ठासायची, ती जुन्या पद्धतीची बंदूक. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, शेतीसंरक्षणाचे असे परवाने गावोगाव दिसतात. आपल्याकडे ते कमी, म्हणून माहितीही कमी.

ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. म्हणजे रोजच्या बोलण्यातली बारा बोअर. तिची नळी किमान २० इंच हवी. या तरतुदीत रायफल कुठेच नाही. रायफलीचा उल्लेख येतो तो .२२ बोअरचा, आणि तोही मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीच्या सरावासाठी. .३१५ ची रायफल काहींकडे असते, पण तिचा परवाना वेगळ्या कारणाने, अधिकाऱ्याच्या समाधानावर मिळतो. मक्याची राखण सांगून ती मागायला गेलं, तर अर्ज बहुधा परत येणार.

शिसं कुठे चालतं, कुठे नाही

शिसं मऊ धातू. ३२७ अंशाला वितळतं, नखाने ओरखडा पडतो. त्यामुळेच शेकडो वर्षं गोळ्या शिशाच्याच होत्या. ‘बारा बोअर’ हे नावसुद्धा शिशावरूनच पडलंय. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिशाचे बारा सारखे गोल गोळे केले, तर त्यातला एक ज्या नळीत बरोबर बसतो ती बारा बोअरची नळी. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. सोळा बोअरची नळी बारीक का, याचं उत्तरही त्यातच आहे.

गुळगुळीत नळी, काळी बारूद आणि कमी वेग असेल तिथे नुसतं शिसं निभावून जातं. ठासणीची बंदूक याच हिशेबाने घडवलेली असते. रायफलीचं तसं नसतं. तिच्या नळीत आतून मळसूत्रासारख्या खाचा असतात. त्या खाचांत गोळी घट्ट धरली जाते, गरगर फिरत बाहेर पडते, म्हणून लांबवर सरळ जाते. पण आजच्या रायफलीचा दाब आणि वेग इतका असतो, की मऊ शिसं त्या खाचांना धरून राहत नाही. ते सोलून निघतं, वितळल्यासारखं होऊन नळीला चिकटतं. दहा-वीस बारांत खाचा बुजायला लागतात, नेम जातो आणि नळी अरुंद झाली की दाब आणखी वाढतो. यावर उपाय म्हणून कारखान्यातल्या रायफलीच्या गोळीला वरून तांब्याच्या मिश्रधातूचं कवच चढवलेलं असतं.

घरच्या ओतीव गोळीचा दुसरा घोळ मापाचा. गोळी जराशी जाड झाली तर दाब चढतो, जराशी बारीक झाली तर बाजूने वायू निसटतो. आत हवेचा बुडबुडा राहिला तर वजन चुकतं. कारखान्यात हे प्रत्येक टप्प्यावर मोजतात, चुलीपुढे कोण मोजणार? नळी फुटते तेव्हा ती चालवणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असते.

परदेशात ओतीव गोळी रायफलीत वापरतात हे खरं. पण ते शिशात दुसरे धातू मिसळून ती कडक करतात, बुडाला तांब्याची टोपी बसवतात, वंगण लावतात आणि बारूद कमी घालून वेग मुद्दाम उतरवतात. एवढं करून ते बहुतेक कागदावर नेम धरतात. गोळीला वंगण लावण्याची गोष्ट आपल्याला नवीन नाही. १८५७ साली ज्या चरबीच्या काडतुसावरून शिपाई बिथरले, ते एनफिल्ड रायफलीचं होतं. तिची शिशाची गोळी खाचांच्या नळीत नीट सरकावी म्हणूनच चरबी लागत होती.

.२२ ची गोळी बहुधा शिशाचीच असते, मग ती तरी घरी भरता येईल का? नाही. तिचा पेटवणारा मसाला काडतुसाच्या कडेतच भरलेला असतो. एकदा उडाली की टरफल पिचकतं, पुन्हा कामाला येत नाही.

घरी ओतलं तर

कायद्याचा मुद्दा इथे सगळ्यात कडक आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे दारूगोळा बनवण्याचा परवाना नव्हे. बनवण्यासाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. ‘नुसता साचाच तर आहे’ म्हणून हात झटकता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा बनवण्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप आहे. गावठी बनावटीची बंदूक, तिच्यासाठी कुणीतरी भरून दिलेली काडतुसं, डुकरांसाठी पिठात दडवलेले गोळे, हे सगळं याच रांगेत येतं. असे पिठाचे गोळे बांधावर चरणारी गाय किंवा शेजाऱ्याचं कुत्रंही खातं.

शिशाचं विष हा निराळाच विषय. वितळवताना धूर आणि बारीक धूळ उडते, ती कपड्यांवर, भांड्यांवर बसते. लहान मुलांच्या मेंदूला ती थोडीही बाधते. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणं तर अंगणात विष पसरवण्यासारखंच.

बारा बोअरवाल्याला हा उपद्व्याप करायची गरजही नाही. तिची काडतुसं आपल्याच जिल्ह्यात, खडकीच्या १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. परवानाधारक दुकानात परवाना दाखवून, नोंद करून ती घ्यायची. एलजी, एसजी म्हणजे मोठे छर्रे. आकड्याच्या काडतुसांत आकडा वाढेल तसा छर्रा बारीक. ठासणीच्या बंदुकीची बारूद आणि छर्रेही दुकानातूनच, पावतीवर.

सुप्याच्या आसपास राहणाऱ्यांसाठी

बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य आहे. क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर, पण चिंकाऱ्यासाठी राखलेलं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३४ सांगतं, की अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या परिघात नवा शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. जुन्या परवानाधारकांनाही त्यांच्याकडे नोंदणी सांगितली आहे. सुपे परिसरातल्या वाड्यावस्त्यांवर अर्ज का रखडतात, याचं हे एक कारण असू शकतं. अर्ज करतानाच गावाचं अंतर तपासून घेतलेलं बरं.

बंदूक हातात आली तरी दिसेल त्यावर बार टाकता येत नाही. ही चूक परवानाधारकांकडूनही होते. शस्त्रपरवाना जिल्हाधिकारी कार्यालयाचा, जनावर मारण्याची परवानगी वनखात्याची. दोन्ही वेगळ्या. रानडुक्कर पीक नासत असेल तर कलम ११ खाली वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. मारलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता ठरतं. वाटा पाडून रस्सा केला तर तो वेगळा गुन्हा. चिंकारा, मोर, लांडगा, बिबट्या हे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची शिकार म्हणजे तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. उसात बिबट्या दिसला तर बंदूक आणायला पळू नये, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

इंदापूरकडे आणखी एक गोष्ट. भिगवणच्या पाणवठ्यावर छऱ्याच्या बंदुकीने पाखरं टिपण्याचा नाद काही पोरांना असतो. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणून तिने पाखरू मारणं चालतं असा समज आहे. तो साफ चूक आहे, गुन्हा तोच. शिवाय पाण्यात पडलेला शिशाचा छर्रा बदकं खडा समजून गिळतात. पोटात तो झिजतो आणि पाखरू विषाने मरतं.

अर्ज आणि नंतरची कटकट

बारामती, इंदापूर हे तालुके पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, चौकशी पोलीस ठाण्याकडून. वय २१ पूर्ण हवं. डॉक्टरांचा दाखला आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. सातबारा आणि पिकाच्या नुकसानीचे पंचनामे जोडले तर मागणीला वजन येतं. म्हणून नुकसान झालं की ‘किती मिळणार आहे’ म्हणून पंचनामा टाळू नये. त्याच कागदावर वनखात्याकडून भरपाईही मागता येते. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागता येतं, अपीलही करता येतं. मिळालेला परवाना आता पाच वर्षांचा असतो, आणि त्यावर लिहिलेलं क्षेत्र आणि अटी एकदा सावकाश वाचाव्यात. बंदूक शेजाऱ्याला एका रात्रीपुरती देणं हासुद्धा अटीचा भंग.

रात्रीच्या वेळी आपल्या शिवारात माणूस असतो, हे विसरून चालत नाही. वीज रात्रीची, म्हणून दारं धरायला कुणीतरी उसात असतं. हंगामात तोडकऱ्यांच्या कोप्या बांधावर असतात. बारा बोअरचे बारीक छर्रे दोन-तीनशे मीटरमध्ये दम टाकतात. रायफलीची गोळी किलोमीटरच्या हिशेबात जाते, आणि माळेगाव किंवा भवानीनगरच्या सपाट रानात तिला अडवायला टेकाडही नाही. ठासणीच्या बंदुकीचा धोका वेगळा. ती ठासून आढ्याला टांगून ठेवतात, महिन्याने विसरून परत ठासतात आणि दुहेरी भरलेली बंदूक नळीतच फुटते. भरलेली बंदूक घरात ठेवायचीच नाही.

घरात आजोबांच्या काळातली बंदूक असेल तर तीही तपासावी. परवानाधारक वारला की बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून वारसाने आपल्या नावाने अर्ज करायचा असतो. परवानाधारक हयात असतानाही, वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं जवळ असली, तर वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. निवडणुकीच्या काळात पोलीस बंदुका जमा करायला सांगतात आणि ते नेमकं पीक उभं असताना येतं. तेव्हा बंदूक देताना नंबर लिहिलेली पावती घ्यावी आणि परवान्याच्या झेरॉक्सबरोबर जपून ठेवावी.