खामगावच्या बाजारापासून सिमग्रिडपर्यंत

मुंबई-नागपूर लोहमार्गावर नांदुरा आणि शेगाव यांच्यामध्ये जलंब नावाचे स्थानक आहे. तेथून खामगावकडे सुमारे १३ किलोमीटरचा एक फाटा जातो. हा फाटा १८७० साली सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. बुलढाणा जिल्ह्यात ते १९०५ साली आले. एका तालुक्याच्या गावासाठी एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते : कापूस.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस येईनासा झाल्यामुळे इंग्लंडमधील गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये मुंबई व इंग्लंड यांना जोडणारी समुद्राखालची तार सुरू झाली. लिव्हरपूलचा भाव मुंबईला काही तासांत कळू लागला आणि तेथून तो लोहमार्गाच्या कडेने गेलेल्या तारांनी वऱ्हाडात येऊ लागला.

आता या बाजाराकडे आपण थोडे निराळ्या नजरेने पाहू या. खामगावचा अडत्या, मुंबईचा निर्यातदार आणि लिव्हरपूलचा दलाल हे तिघेही आपापला निर्णय स्वतंत्रपणे घेतात. तिघांना एकाच वेळी पाहता येईल अशी सामाईक वही कोठेही नाही. प्रत्येकाजवळ असते ती फक्त दुसऱ्याकडून आलेली बातमी आणि ती हाती पडेपर्यंत शिळी झालेली असते. शिवाय बातमी काही तासांत पोहोचते, तर कापसाच्या गाठीला काही आठवडे लागतात. गाठ खामगावहून निघते तेव्हाचा भाव आणि ती बोटीतून उतरते तेव्हाचा भाव यांत मोठे अंतर पडू शकते.

संगणकशास्त्रात अशा रचनेला वितरित प्रणाली म्हणतात. अनेक संगणक दूरदूर बसलेले असतात, एकमेकांना निरोप पाठवतात आणि सगळे मिळून एक काम पार पाडतात. यातली मूळ अडचण लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालच्या एका प्रसिद्ध शोधनिबंधात नेमकी मांडली. दोन ठिकाणी घडलेल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे नेहमीच सांगता येत नाही. निरोप पाठवणे हे तो मिळण्याच्या आधी घडते, एवढेच काय ते निश्चित असते.

रेल्वेचे आरक्षण हे याचे आपल्या परिचयाचे उदाहरण आहे. शेगावला दर्शनासाठी येणाऱ्या एका कुटुंबाने मुंबईच्या खिडकीवर परतीची जागा मागितली आणि त्याच क्षणी शेगावच्या खिडकीवर दुसऱ्याने तीच मागितली, तर ती दोघांना देऊन चालणार नाही. दिल्लीत १९८५-८६ मध्ये आरक्षणाचे संगणकीकरण सुरू झाले. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथेही केंद्रे उभी राहिली. सुरुवातीला ही केंद्रे एकमेकांशी बोलत नव्हती. ‘कॉन्सर्ट’ या आज्ञावलीने ती एकमेकांना जोडली आणि १९९९ मध्ये पाचही केंद्रे एका जाळ्यात आली.

अशी प्रणाली बांधण्याआधी ती नीट चालेल की नाही हे कसे ठरवायचे? गणित मांडून पाहावे, तर यंत्रांची संख्या थोडी वाढली तरी समीकरणे आवाक्याबाहेर जातात. प्रत्यक्ष प्रयोग करावा, तर खर्च प्रचंड येतो. शिवाय तोच प्रयोग जसाच्या तसा पुन्हा करता येत नाही, कारण सोमवारी सकाळी जाळ्यावर जी गर्दी होती ती मंगळवारी नसते. तिसरा मार्ग उरतो तो सिम्युलेशनचा, म्हणजेच प्रतिरूपणाचा. एकाच संगणकाच्या आत खोटे संगणक, खोट्या तारा आणि खोटे घड्याळ उभे करायचे आणि खऱ्या प्रणालीचे वागणे त्यांत पाहायचे.

प्रतिरूपणाला सोयीची एक भाषा नॉर्वेत तयार झाली. ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान दाल आणि क्रिस्तेन नीगार्ड यांनी १९६०च्या दशकात ‘सिम्युला’ नावाची भाषा रचली. त्यांची कल्पना साधी होती. प्रत्येक पात्राची कथा वेगळी लिहायची. ‘रांगेत उभा राहा, पाच मिनिटे थांब, पुढे जा’ अशी. संगणकाजवळ एक घटनावही असते. तीत पुढे कोणती घटना केव्हा घडणार याची नोंद असते. संगणक सर्वांत जवळची घटना उचलतो, घड्याळाचा काटा थेट तेथे नेतो आणि त्या पात्राची कथा पुढे सरकवतो. मधल्या रिकाम्या वेळाची तो वाट पाहत बसत नाही. म्हणूनच दिवसभराचा व्यवहार काही सेकंदांत तपासून होतो.

महाराष्ट्रात या विषयाची पार्श्वभूमी पुण्यात तयार झाली. १९८८ साली तेथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे नेतृत्व डॉ. विजय भटकर यांच्याकडे होते. ते बुलढाण्याच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. १९९१ मध्ये या संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक पूर्ण केला. त्याची ताकद एका अजस्र यंत्रात नव्हती. ट्रान्सप्युटर नावाच्या ६४ प्रक्रियकांनी काम वाटून घ्यायचे आणि एकमेकांना निरोप पाठवायचे, अशी त्याची रचना होती. पुढे सी-डॅकनेच ‘गरुडा’ या राष्ट्रीय प्रकल्पात १७ शहरांतील ४५ संस्थांचे संगणक जोडण्याचे काम हाती घेतले. एका पेटीतले प्रक्रियक आता देशभर पसरले. अशा जाळ्याला ग्रिड म्हणतात.

ग्रिडवर कोणते काम कोणत्या यंत्राला द्यावे, हा प्रश्न जगभरच्या संशोधकांना पडला. तपासण्यासाठी सबंध ग्रिड हाताशी असणे कोणालाच शक्य नव्हते. सी-डॅकच्या बंगळूर केंद्रात काम केलेले राजकुमार बुय्या ऑस्ट्रेलियात गेले आणि तेथे त्यांनी मंझूर मुर्शेद यांच्यासह ‘ग्रिडसिम’ हा प्रतिरूपक तयार केला. त्यावरचा शोधनिबंध २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात सान दिएगो येथे हेन्री कॅझानोव्हा यांनी ‘सिमग्रिड’ सुरू केला होता. त्याची पहिली आवृत्ती वापरणे जरा किचकट होते. फ्रान्समधील आर्नो लग्रां यांनी तिच्यावर ‘एमएसजी’ नावाचा सोपा आज्ञासंच चढवला आणि चित्र बदलले. एमएसजीची जागा आता ‘एसफोरयू’ या संचाने घेतली आहे, परंतु मूळ कल्पना तीच आहे.

हा आज्ञासंच किती सोपा? गाभ्याच्या आज्ञा पाचच आहेत. एक पात्र निर्माण कर. एक काम तयार कर. ते काम करून टाक. ते अमुक टपालपेटीत पाठव. अमुक टपालपेटीतून घे. यंत्रे किती, त्यांचा वेग किती, तारा कोठून कोठे जातात ही माहिती वेगळ्या फाइलीत असते. त्यामुळे पात्रांच्या कथेला हात न लावता जाळे बदलता येते आणि जाळ्याला हात न लावता कथा बदलता येते. एखादा विद्यार्थी आपल्या साध्या संगणकावर हजारो यंत्रांची ग्रिड उभी करू शकतो आणि तोच प्रयोग हव्या तितक्या वेळा तंतोतंत पुन्हा करू शकतो.

याची प्रचीती संगणकाशिवायही घेता येते. वर्गात चार विद्यार्थ्यांना पुढे बोलवा. एक शेगाव, एक मेहकर, एक बुलढाणा आणि चौथ्याच्या हाती घटनावही. शेगावला १०० पानांचा आणि मेहकरला ५० पानांचा अहवाल बुलढाण्याला पाठवायचा आहे. बुलढाण्यात शिरणारी तार एकच असून तिच्यातून सेकंदाला १० पाने जातात. शेगाव शून्य सेकंदाला सुरुवात करते, मेहकर चौथ्या सेकंदाला.

पहिल्यांदा तार वाटून घ्यावी लागते हे विसरून हिशेब करा. शेगावचे काम १०व्या सेकंदाला संपते, मेहकरचे ९व्या. दोन्ही अहवाल १० सेकंदांत पोहोचले, असे उत्तर येते.

आता दोघांनी तार निम्मी-निम्मी वाटून घेतली असे धरा. चौथ्या सेकंदापर्यंत शेगावची ४० पाने जातात आणि ६० उरतात. त्यानंतर दोघांनाही सेकंदाला ५ पाने मिळतात. मेहकरची ५० पाने १४व्या सेकंदाला संपतात. तोवर शेगावची आणखी ५० गेलेली असतात आणि १० उरतात. तार आता मोकळी असल्यामुळे ती एका सेकंदात जातात. काम १५व्या सेकंदाला संपते. घटनावहीत ०, ४, १४ आणि १५ अशा चारच नोंदी होतात.

यांतले खरे उत्तर कोणते? विद्यार्थ्यांना विचारा. एकूण पाने १५०, वेग सेकंदाला १०. म्हणजे १५ सेकंदांच्या आत काम संपणे अशक्यच आहे. पहिले उत्तर नुसते ढोबळ नसून अशक्य होते. तरीही आज्ञा दोन्ही वेळा त्याच होत्या आणि पात्रांच्या कथाही त्याच होत्या. चूक होती ती तारेविषयीच्या गृहीतकात आणि ती आज्ञावलीत कोठेही दिसत नव्हती.

आम्हा संशोधकांच्या दृष्टीने या विषयातला धोका नेमका येथे आहे. आज्ञासंच जितका सोपा, तितके त्याखालचे गृहीतक झाकले जाते. आलेख सुबक निघतात, तीन दशांशांपर्यंत आकडे येतात आणि विश्वास बसतो. निम्मी-निम्मी वाटणी हेही एक गृहीतकच आहे. प्रत्यक्ष इंटरनेटवर ज्याच्या निरोपाला जाऊन यायला जास्त वेळ लागतो, त्याच्या वाट्याला सहसा तारेचा कमी हिस्सा येतो. सिमग्रिडच्या संशोधकांनी याची कसून तपासणी केली. काही प्रचलित प्रतिरूपक अगदी साध्या प्रसंगातही चुकीची उत्तरे देतात, असे त्यांनी २०१३ सालच्या एका शोधनिबंधात दाखवले आणि स्वतःच्या प्रारूपाच्या मर्यादाही त्यांत मांडल्या. आपले उपकरण कोठे चुकते हे सांगणे हा त्या कामाचा महत्त्वाचा भाग होता. वर्गात विद्यार्थ्यांना दाखवावा तो हाच भाग.

आता पुन्हा खामगावला येऊ. १८७०च्या बाजाराचे प्रतिरूपण करायचे झाले तर पाच आज्ञा पुरतील. अडत्या, निर्यातदार आणि दलाल ही पात्रे, तार आणि लोहमार्ग हे दुवे, भाव आणि गाठी हे निरोप. फाटा सुरू झाल्यावर गाठी किती लवकर पोहोचतील, याचे उत्तर या प्रतिरूपातून मिळेल आणि ते बहुधा बरोबर असेल. परंतु गावातून बाजारापर्यंतची बैलगाडीची वाट त्यात घातली नाही, तर आपल्या वर्गातल्या पहिल्या हिशेबासारखीच गत होईल. आणि कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातले धान्य तर त्यात कोणी घालणारच नाही. भाव, गाठी आणि गाड्या यांच्या हिशेबाला त्याची गरज नसते. वऱ्हाडात मात्र १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये दुष्काळ पडला, तेव्हा लोहमार्ग होता, तार होती आणि बाजारही होता.

प्रतिरूपक आपण घातलेल्या गोष्टींचेच उत्तर देतो. न घातलेल्या गोष्टींबद्दल तो गप्प राहतो आणि त्याच्या गप्प राहण्याला आपण ‘अडचण नाही’ असे समजतो. म्हणून कोणत्याही प्रतिरूपणाचा निकाल हाती आला की विद्यार्थ्यांनी दोन प्रश्न विचारावेत. हे उत्तर शक्य तरी आहे का? आणि यात कोण वगळले गेले आहे? पहिल्या प्रश्नाला आपल्याला १५० भागिले १० एवढे गणित पुरले. दुसऱ्यासाठी संगणकाच्या बाहेर जाऊन बाजारात, शेतात आणि जुन्या दप्तरांत डोकवावे लागते.