गोटी निसटली, त्यानंतरचे साडेआठ तास

संध्याकाळी ६.३०च्या सुमारास

१८ सप्टेंबर १९८०, गुरुवार. अमेरिकेतलं आर्कान्सा राज्य. डमॅस्कस नावाच्या खेड्याजवळ गुरं चरायची कुरणं, आणि त्या कुरणांखाली काँक्रीटची १४६ फूट खोल विहीर. विहिरीत उभं टायटन-२ क्षेपणास्त्र, उंची १०३ फूट. डोक्यावर नऊ मेगाटनचा अणुबॉम्ब. हिरोशिमावर पडला त्याच्या सहाशे पट, अमेरिकेच्या कुठल्याही क्षेपणास्त्रावरचा सर्वांत मोठा.

वरच्या टप्प्यातल्या टाकीचा दाब थोडा कमी दाखवत होता. म्हणजे गाडीच्या चाकात हवा भरण्याइतकं रोजचं काम. हवाबंद सूट घालून दोन तरुण तंत्रज्ञ फळीवर उभे होते. टोपण उघडायला टॉर्क रेंच वापरायचा, असा नियम नुकताच आला होता. तो रेंच वर ट्रकमध्ये राहिला. सूट चढवून, जाडजूड पोलादी दारं ओलांडून खाली आल्यावर एका पान्यासाठी परत कोण जाणार? वर्षानुवर्षं रॅचेटनेच भागत आलं होतं. पण रॅचेटवर गोटी, म्हणजे टोपणावर बसणारा सॉकेट, घट्ट बसत नव्हती. ती सुटली.

वजन सुमारे चार किलो. फळी आणि क्षेपणास्त्र यांच्यामधल्या फटीतून ती सत्तर-ऐंशी फूट खाली गेली, तळाच्या आधारावर आपटून उसळली आणि इंधनाच्या टाकीला भोक पाडून गेली. भोकातून धुक्यासारखी पांढरी वाफ फवारू लागली.

६.३० ते ७

नियंत्रण कक्षात धोक्याचे दिवे लागले, पण एकमेकांशी न जुळणारे. इंधनाची वाफ, ऑक्सिडायझरची वाफ, आग. सगळं एकदम कसं होईल? खालच्या पोरांनी विहिरीत वाफ दिसते एवढंच कळवलं होतं. गोटी पडली, हे सांगायला अर्धा तास लागला. मला यात लबाडी दिसत नाही. जे केलं ते तोंडातून बाहेर पडत नाही, अशी ती वेळ.

टायटनची दोन द्रवं, इंधन आणि ते जाळणारा ऑक्सिडायझर, नुसती भेटली तरी पेट घेतात, काडी लागत नाही. खालची इंधनाची टाकी रिकामी होत चाललेली, तिच्यावर ऑक्सिडायझरची भरलेली टाकी. खालची चेपली, की वरची तिच्यावर बसणार. हे पहिल्या तासातच सगळ्यांना कळलं होतं. करायचं काय, ते मात्र कुठल्याच चेकलिस्टमध्ये नव्हतं.

८.३०च्या सुमारास

टाकीचा दाब शून्याखाली गेला. कक्ष सोडण्याचा हुकूम आला. सुटकेच्या अरुंद बोगद्यातून शिडी चढून माणसं वर आली. आता खालचे काटे वाचायला कुणी उरलं नाही. म्हणजे पुढचे सगळे निर्णय डोळे मिटून.

९ ते मध्यरात्र

हवाई दलाचा लिटल रॉकचा तळ, ओमाहाचं मुख्यालय, क्षेपणास्त्र बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर, सगळे फोनवर. रस्त्याच्या कडेला शेरीफ आणि रेडिओचा वार्ताहर. आत अणुबॉम्ब आहे का, या प्रश्नाला हवाई दलाचं ठरलेलं उत्तर: हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही. शेरीफने उत्तराची वाट न पाहता जवळपासची घरं रिकामी करायला घेतली.

या वाट पाहण्याच्या जागी, हे क्षेपणास्त्र जिच्या ताब्यात होतं त्या हवाई दलाच्या ३७४व्या स्क्वाड्रनचा इतिहास आठवावा असं मला वाटतं. दुसऱ्या महायुद्धात हिची बी-२४ विमानं चीनमधून जपान्यांवर बॉम्ब टाकत. त्यासाठी लागणारं पेट्रोल आणि बॉम्ब ही विमानं आधी स्वतःच भारतातून हिमालयावरून वाहून नेत. एका हल्ल्यासाठी कितीतरी फेऱ्या. तिथे काय करायचं ते विमानातला माणूस ठरवत असे. पुढे बी-४७ जेट आली. मग विमानंच गेली आणि १९६०च्या दशकात स्क्वाड्रन जमिनीखाली बसली. ठरवणारा आता फोनच्या पलीकडे होता.

जेफ केनेडी या अनुभवी तंत्रज्ञाला ते सहन झालं नाही. परवानगी न घेता तो सुटकेच्या बोगद्यातून खाली उतरला, काटे वाचून आला. खबर चांगली नव्हती.

पहाटे २ ते ३

शेवटी दोघांना आत पाठवायचं ठरलं: केनेडी आणि डेव्हिड लिव्हिंग्स्टन. सूटमधल्या हवेचा साठा मोजका. बाहेरचं दार पहारीने उचकटावं लागलं. आत वाफ मोजणाऱ्या यंत्राचा काटा टोकाला जाऊन चिकटला. बाहेर या, असा हुकूम. ते बाहेर आले. मग नवा निरोप: परत जा, वाफ बाहेर काढणारा पंखा चालू करा. लिव्हिंग्स्टन खाली गेला, बटण दाबून वर आला.

३ च्या सुमारास

स्फोट. विहिरीचं ७४० टनांचं दार पत्त्यासारखं वर उडालं आणि शेकडो फुटांवर जाऊन पडलं. पंख्याच्या ठिणगीनेच पेट घेतला असण्याची शक्यता आहे. एकवीस जण जखमी झाले. पाय मोडलेला केनेडी कुंपणाजवळ सापडला. लिव्हिंग्स्टन अंधारात ढिगाऱ्यात पडला होता. त्याला शोधायला वेळ गेला.

सकाळी

लिव्हिंग्स्टन रुग्णालयात वारला. उपाध्यक्ष मॉन्डेल पक्षाच्या अधिवेशनासाठी आर्कान्सातच होते. त्यांनी अणुबॉम्बबद्दल विचारलं, तर त्यांनाही हवाई दल फोनवर सरळ सांगेना.

अणुबॉम्ब फुटला नव्हता. तो प्रवेशद्वाराच्या बाहेर एका चरीत पडलेला सापडला. काही दिवसांनी तो ट्रकवर चढवून नेला, तेव्हा सगळ्या गावाला ठाऊक होतं काय चाललंय. केनेडीला शौर्याचं पदक मिळालं. आणि त्याआधी, परवानगीवाचून खाली उतरल्याबद्दल ताकीदपत्रही.