लावक-विनोद आणि लावे पाळण्याची विद्या

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें शके १०५१ च्या सुमारास रचिलेला 'मानसोल्लास' हा ग्रंथ आमच्या वाचकांस परिचित आहे. त्यांतील गीतविनोदांत आलेल्या मराठी पद्यपंक्तींमुळें मराठी भाषेच्या इतिहासकारांनीं त्याचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. पाककलेच्या अभ्यासकांनीं अन्नभोगाचें प्रकरण बारकाईनें वाचलें आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या चौथ्या विंशतींत, कोंबड्यांच्या झुंजीच्या प्रकरणास लागून, 'लावक-विनोद' म्हणून एक प्रकरण आहे. तिकडे सहसा कोणाची दृष्टि जात नाहीं. राजानें लावे पाळावे, झुंजवावे व त्यांत विरंगुळा मानावा, यांत इतिहास तो काय, असा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे. आमचें म्हणणें असें कीं, या वीतभर पक्ष्याच्या पालनाची एक जुनी विद्या या देशांत होती. ती बव्हंशीं तोंडीं राहिली म्हणून बुडाली. आणि पक्ष्याची ओळख सुटल्यामुळें जुन्या ग्रंथांतील कित्येक स्थळें वाचूनही न वाचल्यासारखीं झालीं आहेत. हें सप्रमाण दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

(१) नांवें आणि ऋतु

मराठी 'लावा' (खेड्यापाड्यांतून 'लाव्हा') हा शब्द संस्कृत 'लाव' अथवा 'लावक' यापासून सरळ आला आहे. त्याजबरोबर संस्कृतांत 'वर्तक', 'वर्तिका', 'वर्तीर' हीं नांवें येतात. 'पक्षिविशेष' एवढें लिहून टीकाकार मोकळे होतात, आणि भाषांतरकार या सर्वांस एकाच मापानें मोजतात. प्रत्यक्षांत आपल्याकडे निरनिराळे पक्षी या नांवांखालीं येतात. एक करडा मोठा लावा. हा मुख्यतः हिवाळी पाहुणा असून वायव्येकडून येतो व उन्हाळ्याच्या तोंडीं परत जातो. दुसरा पावसाळी लावा. याच्या नराच्या छातीवर काळा डाग असतो व पावसाळ्यांत गवतांतून त्याचा आवाज ऐकूं येतो. तिसरा झुडपांतून थव्यानें राहणारा रानलावा. उत्तरेकडील शिकारी 'लवा' म्हणतात तो हाच, आणि पहिल्या दोहोंस ते 'बटेर' म्हणतात. चौथा तीन बोटांचा, ज्यास मागील बोट नसतें तो. हा वस्तुतः निराळ्याच कुळांतला आहे.

आतां ग्रंथ पाहूं. अश्विनीकुमारांनीं लांडग्याच्या मुखांतून वर्तिकेस सोडविलें, ही कथा ऋग्वेदांत एकाहून अधिक स्थळीं आली आहे. यास्कानें निरुक्तांत वर्तिका म्हणजे उषा व वृक म्हणजे सूर्य असा अर्थ लाविला आहे. हा शब्द किती पुरातन आहे याची साक्ष ग्रीक भाषा देते. तेथें लाव्यास 'ऑर्तुक्स' म्हणतात, व तो 'वर्तिका' या शब्दाचाच भाऊबंद आहे. पाणिनीच्या सातव्या अध्यायांतील एका सूत्रावर कात्यायनाचें असें वार्तिक आहे कीं, पक्षी या अर्थीं पूर्वेकडील लोक 'वर्तका' असें रूप करितात. पाली जातकांत 'वट्टक', 'वट्टका' असेंच रूप आढळतें, हें या वार्तिकाशीं ताडून पाहण्याजोगें आहे.

यांहूनही महत्त्वाचें स्थळ वाजसनेयी संहितेच्या चोविसाव्या अध्यायांत आहे. अश्वमेधाच्या प्रसंगीं सहा ऋतूंस सहा जातींचे पक्षी नेमून दिले आहेत: वसंतास कपिंजल, ग्रीष्मास कलविंक, वर्षेस तित्तिरि, शरदास वर्तिका, हेमंतास ककर व शिशिरास विककर. ही वाटणी केवळ याज्ञिकांची लहर आहे असें समजून पुष्कळ वाचक पुढें जातात. परंतु करडा लावा उत्तर हिंदुस्थानांत उतरतो तो भाद्रपद-आश्विनाच्या संधीस, म्हणजे शरदाच्या आरंभासच. पावसाळ्यांत ओरडणारा लावा मनांत असता, तर वर्तिका वर्षेच्या वांट्यास आली असती. तेव्हां या ठिकाणची वर्तिका म्हणजे ऋतुमानानें येणारा करडा लावा होय, आणि ही वाटणी डोळ्यांनीं पाहून केलेली आहे, असा आमचा अभिप्राय आहे. शेतांत उतरणारा पक्षी ज्यानें पाहिला आहे, त्यास हा मंत्र समजावून सांगावा लागत नाहीं.

वैद्यकग्रंथांचीही साक्ष अशीच आहे. चरकानें पायांनीं उकरून दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांचा 'विष्किर' हा वर्ग सांगून त्याचे दोन गण केले आहेत. एक लावादि व दुसरा वर्तकादि. अर्थात् लाव आणि वर्तक हे वैद्यांस भिन्न पक्षी म्हणून ठाऊक होते. पक्षिमांसांत लाव्याचें मांस श्रेष्ठ, असाही त्याचा निर्णय आहे. 'विष्किर' या रूपासाठीं पाणिनीनें एक स्वतंत्र सूत्र खर्चिलें आहे. त्यावरून हा शब्द भाषेंत किती रुळलेला होता हें दिसतें.

(२) पारध्याचें घर

लावे घरीं ठेवण्याचें जुनें व स्पष्ट वर्णन पाली जातकांत आहे. ११८ व्या जातकांत एक पारधी रानांतून लावे धरून आणतो, घरीं कोंडून त्यांस दाणापाणी घालतो व गिऱ्हाईक येईल तसे विकतो. त्या लाव्यांत बोधिसत्त्व असतो. तो विचार करितो कीं, याचें अन्न खाल्लें तर आपण पुष्ट होऊं व विकले जाऊं. न खाल्लें तर कृश झालेल्यास कोणी घेणार नाहीं. तो अन्नाकडे पाहत नाहीं. बाकीचे सर्व विकले गेल्यावर, यास झालें आहे तरी काय म्हणून पारधी त्यास पिंजऱ्यांतून काढून तळहातावर घेतो. तोंच तो उडून जातो.

या कथेंत धर्मोपदेश आहे तसा व्यवहारही आहे. लावे धरणें, कोंडणें, पोसणें व विकणें हा एक चालता धंदा होता. परंतु पारध्याच्या घरीं अंडीं नाहींत, पिलेंही नाहींत. जें आहे तें सर्व रानांतून आणलेलें. या एका गोष्टीनें पुढील दोन हजार वर्षांचा इतिहास ठरविला आहे.

(३) झुंज आणि धर्मशास्त्र

वात्स्यायनानें चौसष्ट कलांत मेंढा, कोंबडा व लावा यांच्या झुंजींचा विधि गणिला आहे. धर्मशास्त्रकारांनीं त्याकडे वेगळ्या दृष्टीनें पाहिलें. निर्जीव फांशांनीं खेळावयाचें तें द्यूत व प्राण्यांच्या झुंजीवर पण लावावयाचा तो समाह्वय, असा भेद मनूनें केला व दोन्ही राज्यांतून नाहींशीं करावीं असें सांगितलें. याज्ञवल्क्यानें मात्र सभिकाच्या देखरेखीखालीं द्यूतास वाट दिली, राजाचा भाग ठरविला, व तोच नियम समाह्वयास लावला. या स्मृतीवरील मिताक्षरा विज्ञानेश्वरानें लिहिली ती कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयास असतां. आणि लावक-विनोद लिहिणारा सोमेश्वर हा त्याच विक्रमादित्याचा पुत्र. पित्याच्या सभेंत समाह्वयाचा व्यवहार शास्त्रांत बसविला गेला, व पुत्रानें त्याच खेळास राजाच्या वीस विनोदांत स्थान दिलें. एकाच घराण्यांतील या दोन ग्रंथांची सांगड घातल्यावांचून त्या काळच्या राजव्यवहाराचें चित्र पुरें होत नाहीं.

उत्तरकालीं या विद्येचें माहेरघर लखनौ झालें. अब्दुल हलीम शरर यांनीं १९१३ पासून 'दिलगुदाज' मासिकांतून तेथील जुन्या राहणीचें जें वर्णन केलें, त्यांत बटेरबाजीस विस्तारानें जागा आहे. रानटी लावा माणसाळविण्यासाठीं त्यास तासन् तास मुठींत धरून बसावें, भुकेनें त्याचें अंग हलकें करावें, रात्रीं त्याच्या कानाशीं मोठ्यानें ओरडून त्याची भीति मोडावी, असा तो क्रम होता. त्यांतील क्रौर्य झांकण्याचें कारण नाहीं. परंतु पक्ष्याचा स्वभाव, भूक व झोंप यांचें इतकें बारीक निरीक्षण दुसरीकडे क्वचित् सांपडेल. जातकांतील पारध्याच्या तळहातावरून उडालेला लावा लखनौकरांनीं मुठींत धरून ठेवला, एवढाच काय तो फरक.

(४) विद्या कां बुडाली

श्येनपालनावर कुमाऊंचा राजा रुद्रदेव यानें 'श्यैनिकशास्त्र' हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला; हरप्रसाद शास्त्री यांनीं तो १९१० मध्यें कलकत्त्यास प्रसिद्ध केला. ससाणाही रानांतूनच धरीत, तरी राजांचें वैभव म्हणून त्यास शास्त्र मिळालें. लाव्यास एका प्रकरणावर समाधान मानावें लागलें. ज्यांच्या हातीं खरी कला होती ते पारधी व उस्ताद लिहिणारे नव्हते. आणि लिहिणाऱ्यांस पिंजरा साफ करण्याचें काम नव्हतें.

दुसरें कारण अधिक खोल आहे. कोंबडी माणसाच्या अंगणांत वाढली. लावा दर हंगामास नवा धरून आणावा लागे. त्यामुळें वंशावळ नाहीं, निवड नाहीं, आणि पिढीमागून पिढी सुधारणारी जात नाहीं. जाळें बंद झालें कीं विद्याही बंद. जपानांत याच्या उलट घडलें. तेथें एदो काळापासून लावे त्यांच्या आवाजासाठीं पाळीत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून अंड्यांसाठीं त्यांची निवड करून जात तयार झाली. दुसऱ्या महायुद्धांत ती जवळजवळ नष्ट झाली व उरल्यासुरल्या पक्ष्यांपासून पुन्हां उभी करण्यांत आली. हीच जात १९७४ मध्यें कॅलिफोर्नियाहून उत्तर प्रदेशांतील इज्जतनगर येथें आणिली गेली व तेथून देशभर पसरली. ज्या देशानें लाव्यास वेदांत स्थान दिलें, त्याच्या घरांत अंडें देणारा लावा समुद्रापलीकडून आला.

(५) आज पाळूं इच्छिणाऱ्यास

ग्रंथ वाचून कोणास लावे पाळावेसे वाटल्यास प्रथम कायदा लक्षांत ठेवावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानांतील लावे धरण्यास मनाई आहे, व १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वयें प्राण्यांच्या झुंजी लावणें हा अपराध आहे. पाळावयाचा तो पाळीव जपानी लावाच, व तो रानांत सोडूं नये.

एक नर व तीन-चार माद्या एवढ्यावर आरंभ करावा. नराची छाती तांबूस असते व मादीच्या छातीवर काळे ठिपके असतात; तीन आठवड्यांचीं पिलें झालीं कीं हा भेद कळूं लागतो. एका पिंजऱ्यांत दोन नर ठेविल्यास ते एकमेकांचीं डोकीं फोडतात. वात्स्यायनाच्या त्या कलेचें मूळ तेव्हां ध्यानांत येतें. लावा दचकला कीं सरळ वर उसळतो. यास्तव छत ठेंगणें असावें किंवा वरून कापड ताणावें; जुन्या पिंजऱ्यांस कापडाचें छत असे तें याचसाठीं. उंदीर, मांजर व मुंगूस यांपासून जाळी बारीक हवी. कोरडी माती अथवा वाळू एका थाळींत ठेवावी. आमच्या घरच्या लाव्यांनीं तींत अंग घोळून व पायांनीं उकरून ओसरीभर धूळ केली, तेव्हां चरकाच्या 'विष्किर' संज्ञेवर आणखी टीका पाहण्याची आम्हांस गरज उरली नाहीं.

मादी सहा-सात आठवड्यांची झाली कीं अंडीं घालूं लागते. अंड्याचें वजन सुमारें १० ग्रॅम. अंडीं सतत मिळावयाचीं तर दिवसाचा व दिव्याचा मिळून १४ ते १६ तास प्रकाश लागतो. ही जात अंड्यांवर बसणें बहुतेक विसरली आहे. म्हणून उबवणी यंत्र किंवा लहान खुडूक कोंबडी लागते. १७ दिवसांच्या सुमारास पिलें निघतात. कोंबडीस २१ लागतात. पिलूं ७-८ ग्रॅमांचें असतें. पहिल्या आठवड्यांत ३५ ते ३७ अंशांची ऊब द्यावी व पुढें दर आठवड्यास थोडी थोडी कमी करावी. पाण्याच्या उथळ ताटलींत गोट्या ठेवाव्या, नाहींतर पिलें त्यांत बुडून मरतात. खाद्य बारीक दळलेलें व कोंबडीच्या पिलांच्या खाद्याहून अधिक प्रथिनयुक्त असावें. नुसत्या बाजरी-कण्यांवर तीं जगत नाहींत.

(६) संग्राहकांस विनंति

हीं घरगुती कलमें येथें दिलीं याचें कारण आहे. अशींच कलमें कोणी पारधी सांगत असेल, कोणी कारकून ऐकत असेल, आणि एखाद्या बाडाच्या पाठकोऱ्या पानावर तीं उतरलीं असतील. जुना रुमाल सोडतांना आपण सनदा, महजर, पत्रें व पोथ्या निवडून घेतों. पक्ष्यांच्या औषधांचीं टिपणें, शिकारखान्याच्या दाण्याचे हिशेब, पारध्यास दिलेल्या इनामाची याद असे कागद 'किरकोळ' म्हणून बाजूस पडतात व वाळवीच्या स्वाधीन होतात. राजांच्या वंशावळी पुन्हां पुन्हां लिहिल्या गेल्या आहेत. त्या एका दप्तरांत गेल्या तर दुसऱ्यांत मिळतात. हाताच्या मुठींत राहिलेली विद्या ज्या एका चिटोऱ्यावर उतरली, तो चिटोरा गेला कीं ती कायमची गेली. म्हणून ज्या संग्राहकांच्या दप्तरांत लावे, तित्तिर, ससाणे किंवा पारधी यांचे उल्लेख असलेले सुटे कागद असतील, त्यांनीं ते वेगळे बांधून ठेवावे व त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. मानसोल्लासांतील त्या दुर्लक्षित प्रकरणास भाष्य मिळावयाचें असेल, तर तें अशाच कागदांतून मिळेल.