गढ्याचे चार दिवस आणि चोवीस तासांचा हक्क

आजच्या भागात आपण जबलपूरला जाणार आहोत, आणि जबलपुरातही थेट गढ्याला. आज गढा हा शहराचा एक भाग आहे, गजबजलेला, दाटीवाटीचा. पण जबलपूर हे नाव मोठं होण्याआधी या मुलखाला गढ्याच्याच नावानं ओळखत. गोंड राजांचं राज्य ते गढा-मंडला. शेजारच्या टेकडीवरचा मदनमहाल अजून उभा आहे. राणी दुर्गावती याच राज्याची. अकबराचा सरदार आसफखान चालून आला तेव्हा 24 जून 1564 रोजी तिनं लढताना प्राण दिले, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल.

मराठी माणसाचंही या गावाशी जुनं नातं आहे, आणि ते सगळंच अभिमानाचं नाही. 1742 मध्ये नानासाहेब पेशव्यांची फौज मंडल्यावर आली आणि चौथाई लावून गेली. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी शेवटच्या गोंड राजाला गादीवरून खाली ओढलं. 1798 मध्ये हा प्रांत नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर 1817 मध्ये इंग्रजांकडे. म्हणजे छत्तीस वर्षं इथे मराठी अंमल होता. पण आज मला राज्यांची गोष्ट सांगायची नाही. आज सांगायची आहे ती कैद्याची. पकडलेला माणूस आणि न्यायाधीश यांच्यात किती वेळ जातो, या एका प्रश्नाची.

कायदा शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हा भाग विशेष करून आहे. गावोगावच्या विधी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या संघटना असतात. त्या वक्तृत्व स्पर्धा घेतात, अभिरूप न्यायालयं भरवतात, परीक्षेच्या तारखांसाठी निवेदनं देतात. यात वाईट काही नाही. पण अशा संघटनेचं खरं काम कोणतं, याचं उत्तर जबलपूरच्या इतिहासात सापडतं, असं मला वाटतं.

चार दिवस

1857. राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली होती, तरी गोंड राजघराण्याचे वंशज राजा शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह गढ्याजवळच पुरव्याला राहत होते. हाताशी सत्ता नव्हती, पण लोकांच्या मनात ते राजेच होते. जबलपूरच्या छावणीत 52 वी देशी पलटण होती आणि तिथेही कुजबुज सुरू होती. इंग्रजांना संशय आला. 14 सप्टेंबरला बापलेकांना पकडलं. घराच्या झडतीत कागद सापडले. त्यात देवीला शत्रूचा नाश करण्याची विनवणी करणारी एक कविता होती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या आयोगापुढे चौकशी झाली आणि 18 सप्टेंबरला दोघांना तोफेच्या तोंडी दिलं. त्याच रात्री 52 वी पलटण छावणी सोडून निघून गेली.

चार दिवस. अटक, झडती, चौकशी, शिक्षा आणि अंमलबजावणी, सगळं चार दिवसांत. इथे बारकाईनं बघा. कागदोपत्री सुनावणी झाली होती. आयोग होता, पुरावा होता, निकाल होता. नव्हता तो वरचा न्यायाधीश, ज्याच्याकडे जाऊन कुणी म्हणेल, 'यांना कशासाठी धरलं आहे ते विचारा.' पकडणारा आणि न्याय करणारा एकच सरकार असलं की सुनावणी असूनही न्याय नसतो, हा गढ्याचा पहिला धडा.

दहा महिने

आता सव्वाशे वर्षांच्या आसपास पुढे येऊ. मधल्या काळात मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी झाली, आणि जानेवारी 1936 मध्ये नागपुरात उच्च न्यायालय आलं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय जबलपूरला बसलं. नागपूरचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला हेच इथले पहिले मुख्य न्यायाधीश. ते त्याआधी नागपूर विद्यापीठात विधी शाखेचे अधिष्ठाताही होते. म्हणजे जबलपूरच्या न्यायालयाची मुळं नागपुरात आहेत.

25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. दोनच दिवसांत, 27 जूनला, राष्ट्रपतींचा आदेश निघाला: घटनेच्या 14, 21 आणि 22 या अनुच्छेदांतल्या हक्कांसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. 14 म्हणजे समानता. 21 म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य. 22 म्हणजे अटकेची कारणं कळण्याचा, वकील भेटण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेलं जाण्याचा हक्क. मिसा कायद्याखाली देशभर लोक तुरुंगात गेले. स्थानबद्धतेची कारणं न्यायालयालाही सांगायची नाहीत, अशी दुरुस्तीही त्या कायद्यात झाली.

लोकांनी देहोपस्थितीच्या याचिका केल्या. ज्याला इंग्रजी कायद्यात हेबियस कॉर्पस म्हणतात, ती याचिका. तिचा अर्थ अगदी साधा आहे: माणूस समोर आणा आणि त्याला का धरलं ते सांगा. जबलपूरच्या उच्च न्यायालयात शिवकांत शुक्ल यांची अशी याचिका होती. सरकार म्हणालं, आणीबाणीत ही याचिका ऐकताच येणार नाही. न्यायालय म्हणालं, येईल. आणि जबलपूर एकटं नव्हतं. एकूण नऊ उच्च न्यायालयांनी कमीअधिक फरकानं हेच सांगितलं. मुंबई त्यांत होतं.

मुंबईचीच आणखी एक हकीगत इथे सांगायला हवी. ऑक्टोबर 1975 मध्ये मुंबईतल्या वकिलांनी बंद सभागृहात एक सभा ठरवली. विषय होता घटनेतली नागरी स्वातंत्र्यं, आणि बोलणार होते माजी न्यायमूर्ती छागला आणि माजी सरन्यायाधीश जे. सी. शाह. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. वकील घरी बसले नाहीत, उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयानं तो नकार रद्द ठरवला. एका सभेसाठी केवढा खटाटोप, असं कुणी म्हणेल. पण संघटना नावाची गोष्ट कशासाठी असते ते इथे दिसतं. एकट्या वकिलाला जे जड जातं ते मंडळाला झेपतं.

या सगळ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात एकत्र आल्या. खटल्याला नाव पडलं 'एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल'. एडीएम म्हणजे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी. बोलताना वकील मंडळी फक्त 'एडीएम जबलपूर' म्हणतात. बघा कसं आहे: अधिकाऱ्याचं पद राहिलं, गावाचं नाव राहिलं, आणि ज्याला धरलं होतं त्याचंच नाव गळालं.

स्थानबद्धांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या वकिलांत शांतिभूषण होते, सोली सोराबजी होते, आणि आपल्या सासवडचे वि. म. तारकुंडे होते. मुंबई उच्च न्यायालयाचं न्यायाधीशपद सोडून ते दिल्लीत वकिली करत होते. समोर महान्यायवादी निरेन डे. न्या. खन्ना यांनी त्यांना विचारलं की एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर काय? उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर दाद नाही.

28 एप्रिल 1976 ला निकाल लागला. चार विरुद्ध एक. सरन्यायाधीश अजितनाथ रे, न्या. बेग, न्या. चंद्रचूड आणि न्या. भगवती यांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. एकट्या हंसराज खन्नांनी विरोधी निकाल लिहिला: जगण्याचा हक्क घटनेनं दान म्हणून दिलेला नाही, तेव्हा तो काढूनही घेता येत नाही, असा त्याचा आशय. पुढे जानेवारी 1977 मध्ये ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

इथे मराठी वाचकाला एक गोष्ट टोचली पाहिजे. यशवंत विष्णू चंद्रचूड पुण्याचे. कायदा शिकले तो पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयात. पुढे सात वर्षांहून अधिक काळ ते सरन्यायाधीश होते. इतका दीर्घ काळ त्या पदावर दुसरं कुणी राहिलं नाही. त्यांचं कर्तृत्व मोठं आहे, यात वाद नाही. पण या खटल्यात ते बहुमतात होते आणि तारकुंडे समोर उभे होते. एकाच भाषेची, एकाच मुलखाची दोन माणसं. आपला माणूस कुठल्या पदावर आहे हे मोजताना तो त्या दिवशी कुठे उभा होता, हेही मोजावं.

एकेचाळीस वर्षं

चूक दुरुस्त झाली, पण दोन टप्प्यांत. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं ठरवलं की आणीबाणीतही 20 आणि 21 या अनुच्छेदांचे हक्क थांबवता येणार नाहीत. हा झाला संसदेचा टप्पा. न्यायालयानं स्वतःचा निकाल स्पष्ट शब्दांत रद्द केला तो 24 ऑगस्ट 2017 रोजी, खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी खटल्यात, नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे. तो निकाल लिहिणाऱ्यांत होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. मुलानं वडिलांचा निकाल चुकीचा ठरवला, ही बातमी त्या दिवशी सगळ्यांनी चघळली. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो हिशेब. 1976 ते 2017, म्हणजे एकेचाळीस वर्षं. ज्यांनी मिसाखाली तुरुंगात दिवस काढले, त्यांतले कितीतरी ही दुरुस्ती बघायला उरले नव्हते.

म्हणून मी वेळेचा प्रश्न म्हणतो. न्याय बरोबर असून भागत नाही, तो वेळेवर लागतो.

याचं ताजं उदाहरण मुंबईच्या आरे वसाहतीचं. 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयानं वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. ते पत्रच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयानं सुट्टीत, 7 ऑक्टोबरला, खास पीठ बसवलं आणि तोड थांबवली. विद्यार्थ्यांच्या एका पत्राची ही ताकद. पण त्याच सुनावणीत सरकारनं सांगितलं की कारशेडला हवी होती तेवढी झाडं पाडून झाली आहेत. तीन दिवसांचा फरक.

आणि दूरचं उदाहरण म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांचं. 2019 मध्ये दक्षिण प्रशांत विद्यापीठातल्या कायद्याच्या सत्तावीस विद्यार्थ्यांनी ठरवलं की समुद्र आपली बेटं गिळतो आहे, तर हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेऊ. वर्गातली कल्पना. ती वानुआतू सरकारनं उचलली, मार्च 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव केला, आणि 23 जुलै 2025 ला हेगच्या न्यायालयानं एकमतानं सल्लागार मत दिलं. सहा वर्षं चिकाटी धरली. प्रादेशिक विद्यार्थी संघटना काय करू शकते याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

मग गढ्यातल्या मुलांनी काय करावं?

गढ्यातल्याच असं नाही. नागपूर, इंदूर, बेळगाव, पणजी, कुठल्याही गावातल्या. विद्यार्थ्याला न्यायालयात वकील म्हणून उभं राहता येत नाही, सनद हवी. पण कैदी आणि न्यायाधीश यांच्यातला वेळ कमी करणं हे काम सनदेवाचूनही होतं.

कसं ते बघा. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र असलं पाहिजे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 सांगतं की पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडावं. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि ज्याच्यावर एकाहून जास्त खटले आहेत असे कैदी यातून वगळले आहेत. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे.

म्हणजे कायदा आहे. नाही ती यादी. कुणाला कधी पकडलं, कमाल शिक्षा किती, दिवस किती झाले. ही बेरीज-वजाबाकी आहे, तिला सरन्यायाधीश लागत नाही. प्राधिकरणाच्या परवानगीनं, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, महिन्यातून एकदा चार विद्यार्थी जिल्हा कारागृहात बसले आणि त्यांनी हा हिशेब केला, तर एखादा माणूस सहा महिने आधी घरी जाईल. त्या कामाला करंडक मिळणार नाही. पण ज्या घरातला माणूस परत येईल, त्या घराला त्याची किंमत कळेल.

1857 मध्ये गढ्याच्या बापलेकांना चार दिवस मिळाले आणि विचारायला कुणी नव्हतं. 1975 मध्ये विचारणारे होते, जबलपूरच्या न्यायाधीशांनी ऐकूनही घेतलं, आणि दहा महिन्यांनी दिल्लीनं दार लावलं. आज दार उघडं आहे. घटनेत चोवीस तास लिहिलेले आहेत. ते चोवीस तास खरे ठेवायचे, तर रोज कुणीतरी घड्याळ बघत बसावं लागतं.

'एडीएम जबलपूर' हे नाव परीक्षेत लिहिताना, मुलांनो, पुढचं अर्धं नावही लिहा. विरुद्ध शिवकांत शुक्ल. धरलेल्या माणसाला नाव असतं, आणि कायद्याचं काम तिथून सुरू होतं.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.