प्रणयासाठी राजपुताना : हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्या आणि त्यांचे पहिले वाचक

नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेतील एक तक्रार मराठी कादंबरीच्या अभ्यासकांच्या परिचयाची आहे. आपल्या विवाहाच्या चालीच अशा, की नित्याच्या अनुभवातले लिहावे तर त्यात मन रमण्याजोगे काही सापडत नाही. मनोरंजक ग्रंथ लिहावयाचा तर अद्भुताची कास धरणे भाग पडते, असा तिचा मथितार्थ. हे विधान बहुधा एका भाबड्या लेखकाची सबब म्हणून सांगितले जाते. आम्हांला ते तसे वाटत नाही. मुलामुलींची लग्ने वडीलधाऱ्यांनी आठव्या-दहाव्या वर्षी उरकून टाकली, की कथेला लागणारी भेट, ओढ, निवड, नकार यांपैकी काहीच शिल्लक राहत नाही. रिसबुडांची अडचण तंत्राची नव्हती, समाजाच्या घडणीची होती.

लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांच्या ‘मुक्तामाले’ने (१८६१) या अडचणीतून काढलेली वाट कल्पित राज्यांची आणि अतर्क्य योगायोगांची. रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’पासून (१८७१) दुसरी वाट दिसू लागली, ती इतिहासाची. या कादंबरीला मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणण्याचा प्रघात आहे व तो योग्यच आहे. परंतु ‘पहिली कोणती’ या प्रश्नापाशी आपली चर्चा फार वेळ थांबते. ती वाचकाच्या हाती कोठून आली, कोणाबरोबर वाचली गेली, हा प्रश्न मागे पडतो.

तो विचारावयाचा तर १८९० सालच्या पुण्यात जावे लागते. त्या वर्षी हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ साप्ताहिक निघाले. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ त्यातून १८९० ते १८९३ या काळात क्रमशः येत गेली. हे हप्ते चालू असतानाच, १८९१ च्या मार्चमध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. वयाची मर्यादा दहावरून बारावर आली, आणि एवढ्यासाठी सारे शहर दुभंगले होते. त्याच सुमारास हरिभाऊंनी मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरीच्या आधारे ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली. पुढे १८९५ ते १८९७ मध्ये ‘उषःकाल’ आली.

आज ‘पण लक्षांत कोण घेतो?’ सामाजिक कादंबरीच्या कपाटात आणि ‘उषःकाल’ ऐतिहासिकच्या कपाटात असते. पहिली विद्यापीठात शिकवली जाते. दुसरीचे संक्षेप मुलांना वाढदिवसाला दिले जातात. त्या काळच्या वाचकाला हे विभाजन ठाऊक नव्हते. यमूचे हाल आणि किल्ल्यांवरील मसलती त्याला एकाच साप्ताहिकातून, एकाच लेखणीतून मिळाल्या. अंक घरात आला की तो एकट्याचा राहत नसे. पोथी वाचून दाखवण्याची सवय असलेल्या घरांत छापील गोष्टही मोठ्याने वाचली जाई, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांचा कादंबरीशी परिचय कानांवाटे होई. वर्गणी भरणारा एक, ऐकणारे अनेक.

येथे इतिहासाचा एक उपयोग आमच्या मते पुरेसा ध्यानात घेतला गेलेला नाही. बायकांनी वाचणे हेच जेथे आक्षेपार्ह होते, तेथे प्रणयकथा उघड वाचणे किती कठीण, हे सांगावयास नको. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत (१९१०) शिकण्याबद्दल घरातल्याच बायकांकडून सोसावा लागलेला जाच नोंदवला आहे, आणि तेही रानड्यांसारख्या सुधारकाच्या घरात. अशा वडीलधाऱ्यांसमोर ‘मुक्तामाला’ वाचणे वेगळे, आणि शिवाजीमहाराजांच्या काळची हकीकत वाचणे वेगळे. इतिहास हा परवाना होता. त्याच्या आश्रयाने घरात काय काय आले, हे पाहिले पाहिजे.

मात्र येथेच एक पेच होता. मराठ्यांच्या इतिहासातही लग्ने लहानपणीच होत. ‘उषःकाला’त स्वामिनिष्ठा आणि स्वराज्य यांचा झगडा बाप-लेकांत रंगतो, तरुण-तरुणींची परस्परनिवड ही काही त्या कथेची चालना नव्हे. ती हवी असली की हरिभाऊ राजपुतान्याकडे वळतात. ‘रूपनगरची राजकन्या’ (१९००-०२) ही औरंगजेबाला नाकारून मेवाडच्या राजसिंहाला स्वतः निरोप धाडणाऱ्या मुलीची कथा. याच आख्यानावर बंकिमचंद्रांनी बंगालीत ‘राजसिंह’ आधीच लिहिली होती, म्हणजे ही ओढ केवळ मराठी नव्हती. त्याहून बोलके उदाहरण ‘गड आला पण सिंह गेला’ (१९०३-०४) हे. १६७० सालचा सिंहगड, तानाजीचे बलिदान, अस्सल मावळी विषय! तरीही अभिलाषेचे आणि नकाराचे सूत्र गुंफण्यासाठी राजपूत कमलकुमारी गडावर आणावी लागली, आणि तिचा हव्यास धरणारा उदेभानूही राजपूतच. प्रभातच्या ‘सिंहगड’ चित्रपटानेही (१९३३) हे सूत्र सोडले नाही.

नकार देणारी राजकन्या ऐकताना, आपल्या लग्नात कोणी आपल्याला विचारले नव्हते हे ऐकणारीला जाणवले असेल काय? याचा कागदोपत्री पुरावा मागणाऱ्यांचे समाधान होणे कठीण. पण यमूची कहाणी आणि राजकन्येचा निरोप, दोन्ही रचणारा लेखक एकच आहे, हे विसरून त्याच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना निव्वळ देशाभिमानाचे खाते ठरवणे, हा आमच्या मते टीकेचा आळस आहे.

इतिहासाच्या खरेपणाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ १९०० चा. ग्रँट डफ होता, ‘काव्येतिहाससंग्रहा’ने १८७८ पासून बखरी छापल्या होत्या, परंतु सामान्य घरात शिवकाल पोहोचला तो मुख्यतः गोष्टीच्या रूपाने, आणि अस्सल पत्रांच्या आधी. हरिभाऊंच्या तपशिलांतील चुका काढणाऱ्यांनी हा कालक्रम समोर ठेवावा.

हप्तेबंदीची किंमतही मोजावी लागली. पाल्हाळ, मध्येच वाचकाला हाक मारून केलेली प्रवचने, पुढच्या अंकासाठी ताणून धरलेले प्रसंग हे दोष खरेच आहेत आणि पुस्तकरूपात ते अधिक खुपतात. आठवड्याला एक प्रकरण ऐकून मधले सहा दिवस त्यावर तर्क लढवणाऱ्यांना मात्र तो ताण हवासाच असणार. पुढे नाथमाधवांनी स्वराज्यमालेतून आणि वि. वा. हडपांनी ‘कादंबरीमय पेशवाई’तून हा वाचक सांभाळला. तोपर्यंत ठाणे (१८९३) आणि मुंबई (१८९८) येथील मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली होती आणि कादंबरी घरोघर फिरण्याची नवी सोय झाली होती. ग्रंथालयातून मात्र पूर्ण झालेलेच पुस्तक घरी येते. हरिभाऊंच्या ‘सूर्यग्रहण’ आणि ‘कालकूट’ या ऐतिहासिक कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. पुढच्या अंकाची वाट त्यांच्या पहिल्या वाचकांनी किती आठवडे पाहिली असेल, हे त्या आज हाती घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही.